पारोळ्याचा हत्ती

माझ्या चुलतसासऱ्यांबरोबर जळगावहून निघून धुळ्याला ठरल्या वेळी पोचलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. वाटेत कुठे लग्नघराची रंगवलेली भिंत दिसली, की नाना गाडी थांबवायला लावतात. मांडवात कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दाराशेजारचे हत्ती, भालदार, मोर बघायचे, भिंतीला नाक लावून रेघा तपासायच्या आणि यजमान जेवायचा आग्रह करायच्या आत गाडीत येऊन बसायचं. लोक तीर्थं करतात, नानांनी भिंती केल्या.

त्यांचे आवडते चित्रकार दोनच. पिंपळनेरचा एक, भालदारांसाठी. लग्नघरातला भालदार सकाळपासून उपाशी असतो हे फक्त त्यालाच कळलंय, असं नानांचं म्हणणं. आणि खरोखर त्या भालदारांची नजर पंगतीकडेच लागलेली असते. दुसरा पारोळ्याचा, नानांच्याच वयाचा पेंटर, हत्तींसाठी. तो सोंड एका दमात ओढायचा, कपाळापासून थेट टोकापर्यंत, ब्रश न उचलता. इतरांचे हत्ती भिंतीला चिकटवल्यासारखे. याचा मात्र चालत चालत आत्ताच दाराशी आलेला. एकदा शेजारशेजारच्या दोन भिंतींतली सरस कोणती, असं नानांनी मला विचारलं. मी जाणकारासारखे डोळे बारीक करून जास्त रंगांची दाखवली. "जवाईबापू, तुम्ही लुगडं घ्यायला आलात का?" एवढं म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून मी प्रत्येक भिंतीसमोर नुसता 'वा' म्हणतो. एकदा तर ज्याला 'वा' म्हटलं, तो चुन्याचा ओघळ निघाला.

नानांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा जळगावात, मेहरूणच्या त्यांच्या घरात सगळ्यांना फाटकावर फ्लेक्स हवा होता. नाना हटून बसले, भिंत पारोळ्याच्याच हातची. फ्लेक्स आल्यापासून त्या पेंटरला कुणी बोलावलं नव्हतं. मी गाडी घेऊन गेलो, तर तो इस्त्रीचा सदरा घालून केव्हाचा ओट्यावर बसलेला. वाटभर मी त्याला त्याच्याच हत्तींचं मोठेपण समजावून सांगितलं, तेही सगळं नानांकडून चोरलेलं.

पाय, पोट, झूल, अंबारी सुरेख उतरली. सोंड त्याने शेवटाला ठेवली होती. त्याने दम धरला, ब्रश टेकवला आणि रेघ मध्येच थरथरली. फडक्याने पुसून पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मग ब्रश भिंतीजवळ नेला आणि तसाच धरून उभा राहिला.

"मना हात आते मनं ऐकत नही, नाना."

पेंटरने कशीबशी सोंड पुरी केली, हात धुतले, जेवायला थांबला नाही. मागे राहिलेले ब्रश घेऊन मी फाटकापर्यंत धावलो, तर म्हणाला, राहू द्या तुमच्याकडेच.

लग्न पार पडलं. पाहुण्यांपैकी कुणालाही सोंडेत काही वावगं दिसलं नाही. नाना मात्र आता ओट्यावर बसतात ते त्या भिंतीकडे पाठ करून.

"आपल्याला अजून येतं, असं वाटत होतं त्याला," एकदा आपणहून म्हणाले. "मी उगाच बोलावलं."

अधूनमधून ते त्याचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतात, केस बोटांनी सरळ करतात आणि फडक्यात गुंडाळून ठेवतात. वापरात नसलेले ब्रश कशाला धुवायचे, असं मी माझ्या नेहमीच्या हुशारीने विचारून बसलो. नानांनी मान वर केली नाही.

"मागायला आला आणि कडक झालेले निघाले, तर काय सांगू त्याला?"