जनरेटरवरची इस्त्री

वीज गेल्यावर आमच्या सोसायटीत जनरेटर लागतो. त्यावर इस्त्री लावायची नाही, असा नियम आहे. शेजारच्या काकूंनी आजही लावलीच. माझ्या ओट्यावरचा दिवा क्षणभर मंदावला, खाली इंजिन कण्हलं आणि उजेड पुन्हा होता तसा झाला.

"बघ, काही होत नाही!" काकू गॅलरीतून म्हणाल्या.

कसं होईल? आत रेग्युलेटर बसलाय ना! भार वाढला की तो जनरेटरच्या चुंबकाचा जोर वाढवतो आणि व्होल्टेज सावरून धरतो. मेला सावरतो, म्हणूनच दुसरी इस्त्री लागते.

तेवढ्यात बाहेरून ह्यांची हाक आली, "अगं, आणखी चौघं जेवायला आहेत गं!"

मी डोळे मिटले, उघडले आणि परातीत आणखी पीठ घेतलं.

"तिला काही त्रास नाही होत," हे पाहुण्यांना सांगत होते.