मॉनिटरमागचा डबा

"दिसभर कानाला ते लावून बसतं पोर. गाणी ऐकतं. पायानं ताल बी धरतं," मामी फोनवर सांगत होती.

मी पाय उचलला. कानातला डॉक्टर अर्ध्या वाक्यात थांबला.

शुक्रवार होता. समोरच्या कापड कारखान्यातले लूम सुट्टीमुळे बंद होते, नाहीतर स्वयंपाकघराच्या दारातलं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. फोन आईचा होता हे लगेच कळलं, कारण मामी मधूनमधून "वन्सं" म्हणत होती.

"न्हाय वन्सं, कम्पुटर कुठला? टीव्हीसारखं हाय एक. सायबरवाल्याकडं खाली डबा असतो ना मोठा, तसा न्हायच इथं."

डबा होता. मॉनिटरच्या पाठीमागे, चार स्क्रूंवर, जाड पुस्तकाएवढा. कोणाच्या वाटेत येऊ नये, दिसूही नये, म्हणूनच मी तो निवडला होता.

बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबा कल्याणचं घर सोडून कोकणात गावी गेले होते. मला घरून करायचं काम मिळालं होतं. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्यांच्याबद्दल बोलून रेकॉर्ड करून ठेवायचे, आणि ते ऐकून मी टाइप करायचे. पायाखाली एक पेडल असायचं. दाबलं की आवाज सुरू, उचललं की बंद. गावी नेट नव्हतं, म्हणून मी भिवंडीला मामांकडे आले. काम आहे तोवर राहायचं, नाहीतर गावी जायचं, असं ठरलं होतं. पहिले काही महिने शिकाऊ, त्यात पगार नव्हता.

मामांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक फट होती, तिथे मामीचं तांदळाचं पिंप असायचं. मी आले त्या दिवशी मामीने काही न बोलता ते आत नेलं. तेव्हापासून ओट्याशी जाताना तिला अंग चोरून जावं लागायचं. मी ते रोज बघायचे. त्यामुळे दुकानात जायच्या आधीच माझं ठरलं होतं, की आणखी काही हलवायला लागेल असं काहीही घ्यायचं नाही.

मामा मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते. सुट्टीच्या दिवशी ते माझ्याबरोबर भिवंडीतल्याच कल्याण नाक्याजवळच्या कम्प्युटरच्या दुकानात आले. दुकानदार माझ्याकडे न बघता त्यांच्याशीच बोलत राहिला. मी लहान डब्यावर बोट ठेवलं तेव्हा तो त्यांना म्हणाला, "सर, मॅडम को समझाओ. इसमें सीडी नहीं लगेगी. बाद में कुछ बढ़ा भी नहीं सकते."

मामांनी डबा उचलून हातात तोलून पाहिला. "अगं, कम्प्युटर घ्यायला आलोय की जेवणाचा डबा?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

माझ्याकडे कारणं होती. काउंटरवर दुरुस्तीला आलेला एक मोठा कॅबिनेट उघडा पडला होता आणि त्याच्या पंख्याभोवती सुताच्या तंतूंची करडी गादी जमली होती. आमच्या गल्लीत तर ते तंतू चहाच्या कपातही पडायचे. या लहान डब्याला पंखाच नव्हता. वीज कमी खायचा, म्हणजे लोडशेडिंगमध्ये छोट्या यूपीएसवर हातातली फाइल पुरी करता आली असती. सीडी मला कशाला लागणार होती? हे सगळं नेटवर वाचल्यामुळे माझ्या मनात इंग्रजीत नीट तयार होतं. मराठीत आणेपर्यंत मामा म्हणाले, "बांधा तोच. तिला वापरायचाय."

तसा तो डबा चांगलाच निघाला. तापायचा, पण कधी अडला नाही. मॉनिटर खिडकीकडे सरकवून बसवला. कीबोर्ड गुडघ्यांवरच्या सरकत्या फळीवर. स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं तर कपाटाच्या आड सगळं जायचं. दिसायचं ते माझं डोकं, त्यावरचे हेडफोन, आणि खाली एक पाऊल.

शेजारच्या काकू एकदा मुद्दाम कम्प्युटर बघायला आल्या. टेबलाखाली वाकून त्यांनी पेडल पाहिलं आणि विचारलं, "शिलाई चालू केलीस का गं?" मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही सांगता आलं नसतं. मामी ओशाळून चहा टाकायला गेली.

मग दिवसामागून दिवस तसेच. सकाळी लूम सुरू व्हायचे, मी हेडफोन चढवायचे. कोणाचा खुबा बदललेला, कोणाला रात्री धाप लागते, कोणाची मुलगी भेटायला येत नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं मामीच्या गुडघ्यांबद्दल नव्हतं, आणि मामी रोज ते धरूनच उठायची. जेवताना मामा विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायचे, "ठीक." मामीने कधी विचारलं नाही. मला वाटायचं, आवाज नाही, अडचण नाही, म्हणजे सगळं बरं चाललंय.

"न्हाय, त्रास कसला?" मामीचा आवाज आता खाली आला होता. "पण एकटं एकटं बसतं हो. बोलत न्हाय, हसत न्हाय. मी हाक मारते ती बी ऐकू येत न्हाय तिला. माझ्या घरात तुमची पोर सुकून गेली तर मी तुम्हाला काय सांगू?"

पलीकडून आई बराच वेळ काहीतरी बोलली असावी.

"बरं," मामी म्हणाली. "मग पुढच्या आठवड्यात हे येतील तिला सोडायला."

माझ्यासमोर पडद्यावर अर्धं वाक्य होतं. खाली पाऊल पेडलच्या वर तसंच अधांतरी. मला वाटलं, मामा आले की त्यांना सांगू. मग वाटलं, आईला मेल करू. पण गावी नेटच नव्हतं. उठताना हेडफोनची वायर ताणली गेली, तेव्हा ते काढायचे राहिलेत हे लक्षात आलं. ते गळ्यात ओढून मी दारापर्यंत गेले. मामीने मला बघितलं. तिने रिसीव्हर छातीशी धरला.

मी हात पुढे केला. तिने रिसीव्हर दिला, पण जागची हलली नाही. त्या अरुंद जागेत आम्ही दोघी समोरासमोर उभ्या होतो. तिचा कान माझ्यापासून हातभरही लांब नव्हता. मी बोलले ते मात्र लूम चालू असल्यासारखं, मोठ्याने.

"आई, मी काम करते. मला इथेच राहायचंय. मामी ठेवणार असेल तर."