खोडून फाटलेले बरोबर उत्तर

जोडीदारावर पूर्ण विश्वास असतानाही त्याच्याविषयी मत्सराचे विचार सतत येऊ शकतात का? येत असतील, तर त्याला ते कसे समजावून सांगावेत? या प्रश्नांची उत्तरे मला फार उशिरा मिळाली.

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझी प्रश्नोत्तरांची वही शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि विचारले, "मिस्टरांचं उत्तर खोटं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मग परत का विचारता?"

त्यांनी वही मिटली. त्या म्हणाल्या, "हा ओसीडी आहे."

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असलेला विचार वारंवार येतो आणि तो शमवण्यासाठी एखादी कृती वारंवार करावीच लागते. सारखे हात धुणे एवढेच त्याचे रूप मला ठाऊक होते. माझी कृती होती विचारणे.

लग्नाआधी यांना मेधा नावाची वर्गमैत्रीण आवडत असे. हे त्यांनी साखरपुड्यापूर्वीच सांगितले होते. चार वर्षे मला त्याचे काही वाटले नाही. मग एके दिवशी शाळेत उत्तरपत्रिका तपासताना विचार आला: तिच्याबरोबर हे जास्त हसत असतील. तो विचार गेलाच नाही.

कुठे बसायचात? काय प्यायचात? ती कोणत्या बाजूला बसायची? उत्तरे मी तारखेसह वहीत उतरवू लागले आणि मागच्या उत्तरांशी ताडून पाहू लागले. मार्चमध्ये चहा होता, जूनमध्ये कॉफी झाली. मी लाल रेघ मारली.

"बाई, आज तोंडी की लेखी?" हे विचारत. आधी हसून, नंतर न हसता. लाल रेघ दाखवली त्या संध्याकाळी त्यांनी बॅग भरली. "दादाकडे जातो, नारायण पेठेत. तिथे चहाला चहा म्हटलं तरी चालतं."

हे गेल्यावर मी दवाखाना गाठला; निदान झाल्यावरच्या शनिवारी हे शर्ट न्यायला आले. मी सांगितले, हा आजार आहे.

"आजार तुला आणि चौकशी माझी?"

मी गठ्ठ्यातून सहावीतल्या एका मुलीचा पेपर काढला. तिने एकाच गणिताचे उत्तर इतक्यांदा खोडले होते की कागदाला भोक पडले होते.

"उत्तर चुकलं होतं?"

"नाही. पहिल्यापासून बरोबर होतं. प्रत्येक वेळी तेच लिहिलं तिने."

"मग खोडलं कशाला?"

"अहो, तेच माझं होतंय. उत्तर बरोबर आहे हे कळतं, पण खोडणं थांबत नाही."

त्यांनी कागद उजेडात धरला. "किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारले. वहीबद्दल नव्हे, माझ्याबद्दल. मग म्हणाले, "मी काय करायचं?"

"विचारलं तर उत्तर द्यायचं नाही."

"हे आधी ठरलं असतं, तर कॉफीत सापडलो नसतो."

बॅग त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणली.

उपचाराचे नाव एक्स्पोझर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे विचार येऊ द्यायचा, पण त्यापाठोपाठची कृती करायची नाही; कारण उत्तराने मिळणारा दिलासा थोडाच वेळ टिकतो आणि प्रश्न परत येतो. सोबत गोळ्या होत्या. मी विचारले की हे म्हणत, "अभ्यासक्रमाबाहेर." पहिले काही आठवडे मी रडले, भांडले, एकदा वही फेकली.

पुढे कर्वेनगरमध्ये एका स्वागत समारंभात मेधा भेटली. ती खरोखरच सुंदर आहे. ती काहीतरी म्हणाली आणि हे मोठ्याने हसले. माझा जळफळाट झाला. नंतर डॉक्टरीणबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "हा साधा मत्सर. त्याला माझ्याकडे औषध नाही."

त्या दिवशी समारंभातून घरी येताना स्कूटरवर मी विचारलेच, "काय म्हणाली ती?"

"अभ्यासक्रमाबाहेर."

प्रश्न किती वेळ टिकतो ते मोजायला मी घड्याळ पाहिले. घरी येऊन कुकर लावला. वरण-भात वाढेपर्यंत प्रश्न होता, पण बोथट झाला होता. ती काय म्हणाली, हे मला आजही ठाऊक नाही. समोर बसून हे जेवत होते, एवढे मात्र ठाऊक आहे.

माझ्या शब्दावर विसंबू नका. असा प्रश्न पुढच्या वेळी विचाराल, तेव्हा उत्तर मिळाल्याची वेळ लिहून ठेवा. तोच प्रश्न परत आला की तीही वेळ लिहा. मधले अंतर कृपया स्वतः मोजून पाहा.