मिटल्या डोळ्यांचं नाटक

इनास सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या व्हरांड्यात झाली, आणि तेव्हा सरांचे डोळे मिटलेले होते. मी उमेळे गावची नवी सून, शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. वर्गात धडा वाचून दाखवत होते आणि बाहेर खांबाला टेकून एक गृहस्थ स्वस्थ उभे होते. मला वाटलं, कुणी पालक उभ्या उभ्या डुलकी काढताहेत. धडा संपल्यावर ते आत डोकावून म्हणाले, "बाई, यंदाच्या नाटकात आई हवी आहे. तुमच्या आवाजात ती सापडली." मराठीचे ज्येष्ठ शिक्षक ते हेच, हे मला नंतर कळलं.

नगरपालिकेच्या उत्सवात दरवर्षी सरांचं नाटक असे. मैदान आणि मांडव नगरपालिकेचा, नाटक सरांचं, आणि नट म्हणजे वाडीवाले, शिक्षक, कारकून, जो हाती लागेल तो. मला हुरूप आला, पण घरी मामंजी होते. माझे सासरे केळी-पानवेलींत आयुष्य घालवलेले करारी गृहस्थ. सून चारचौघांत तोंड रंगवून उभी राहणार, हे त्यांच्या गळी कोण उतरवणार? सरच सायकलवरून घरी आले. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून येताना बाजारातून डझनभर केळी घेऊन आले. मामंजी केळ्यांकडे बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. केळीच्या वाडीत केळी घेऊन आलेला हा पहिलाच पाहुणा! त्या हसण्यातच परवानगी मिळाली. मात्र मामंजींनी बजावलं, "या वर्षापुरतं. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

म्हणजे मला एकच संधी होती. महिनाभर तालमी झाल्या, आणि नेमकी डोळ्यांची साथ आली. ऐंशीच्या आगेमागे आलेली ती साथ वाचकांना आठवत असेल. घरटी कुणाचे ना कुणाचे डोळे आलेले. माणसं ओट्यावर थंड पाण्याच्या घड्या डोळ्यांवर ठेवून पडलेली, आणि सगळा गाव भरदुपारी झोपेत बोलल्यासारखा हळू बोलत असे. गर्दी नको म्हणून नगरपालिकेनं उत्सव रद्द केला. मी शिक्षकांच्या खोलीत रडले, ते लपवायलाही लागलं नाही. तेव्हा सगळ्यांचेच डोळे लाल होते.

सर मात्र थेट नगराध्यक्षांकडे गेले. बरोबर मीही होते. नगरपालिकेचा एक टांगा तेव्हा भोंगा लावून 'रुमाल वेगळा ठेवा, डोळे चोळू नका' असं सांगत फिरायचा. सर म्हणाले, "साहेब, माणसं नाटकाला यायची नाहीत. मग नाटकच माणसांकडे नेऊ. तेवढा टांगा संध्याकाळचा द्या."

"अहो, नाटक नुसतं ऐकायचं?"

"बघायला डोळे कुणाचे उघडे आहेत?"

नगराध्यक्षही काळा चष्मा लावूनच बसले होते. त्यांनी टांगा दिला, आणि उमेळे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर पडतं असं कुणी म्हणताच म्हणाले, "साथीनं हद्द बघितली का?"

मग आमचा टांगा रोज एका आळीत जाऊ लागला. टांग्यात आम्ही तिघं नट, एक माईक आणि एक बॅटरी. टांगेवाले गणूकाका मिठागराकडचे. सर घोड्याशेजारी उभे राहत, डोळे मिटून. सरांनाही साथीनं गाठलं होतं, पण आजारी माणसाला सुट्टी असते हे त्यांना कधी पटलंच नाही.

उमेळ्याची पाळी आली त्या दिवशी मामंजी डोळ्यांवर घडी ठेवून ओट्यावर पडले होते. वाडीतल्या बावखलाच्या, त्या छोट्या तळ्याच्या, पाण्यावर सांज उतरत होती. नाटकातली आई गलबतावर गेलेल्या मुलाची वाट बघते आणि शेवटी न बोलता दिवा लावते. भोंग्यावर हा प्रवेश कसा करायचा, याचा आम्ही कुणी विचारच केला नव्हता. आणि मी महिनाभराच्या सवयीनं, तालमीत करत होते तेच केलं. मुकाट्यानं पदर सारखा केला, पणती पुसली, वात नीट केली. भोंग्यातून काहीच ऐकू येईना. लांबवर एका रहाटाची कुरकुर तेवढी चालली होती.

"बाय, बोला ना काय तरी," गणूकाका कुजबुजले. "लोकांना वाटंल बॅटरी बसली."

मी घाबरून सरांकडे पाहिलं. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर केला. थांबा. मग मी काडी ओढली. तो खर्र आवाज भोंग्यातून साऱ्या आळीवर गेला, आणि पाठोपाठ चर्चची सांजेची घंटा झाली. प्रवेश संपला. परतताना मी म्हटलं, "सर, मी घोटाळा केला." सर म्हणाले, "मला तर उजेड दिसला."

त्यांनी कुणाच्याही चुकीला चूक म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या नाटकाला ते आजही 'नगरपालिकेचं नाटक' म्हणतात, स्वतःचं नाव घेत नाहीत.

घरी पोचले तर सासूबाई दारातच भेटल्या. त्यांनी सांगितलं, काडीचा आवाज आला तेव्हा ओट्याओट्यांवर पडलेल्या माणसांनी दिवेलागणीला जोडतात तसे हात जोडले होते. पलीकडच्या ख्रिस्ती घरांत कपाळाकडे हात गेले, क्रूसाची खूण झाली. "आणि हे तर उठून बसले," सासूबाई म्हणाल्या. मामंजींच्या डोळ्यांवर घडी तशीच होती. "सूनबाई," ते म्हणाले, "दिवा तू लावलास ना? पुढच्या वर्षीही तूच लाव." त्यानंतर एकही नाटक मी चुकवलेलं नाही.

त्याला आता पंधराएक वर्षं झाली; आज सर साठ वर्षांचे होत आहेत. मामंजींनी त्यांच्यासाठी वाडीतला सर्वांत मोठा घड राखून ठेवला आहे आणि तो स्वतःच आणणार म्हणून हटून बसले आहेत. सत्कार समितीनं आजच्या समारंभात दीपप्रज्वलनाचा मान मला दिला आहे. काडी ओढण्याआधी मी साऱ्या सभागृहाला डोळे मिटायला सांगणार आहे. तो आवाज ऐकून ज्यांचे हात जोडले जातील, त्यांनी सरांसाठी एवढंच मागावं: त्यांना उदंड, निरोगी आयुष्य मिळो, आणि दर सांजेला त्यांना असाच उजेड दिसो.