अक्का शुद्धीवर यायच्या आधी

१९ मार्च, बुधवार. ठिकाण : धुळ्यातलं एक खाजगी हॉस्पिटल, दुसरा मजला. हजर : माझ्या सासूबाई अक्का (वय ६९, पित्ताशयात खडे), माझे मिस्टर आणि मी. भडगावच्या घरी : धाकट्या काकू, म्हणजे अक्कांच्या जाऊबाई.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. जळगावला कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं याद्या करतेय. या ग्रुपवरचे अनुभव आवडीने वाचते, पण निम्म्यांवर मनात फुली मारते. माझ्यावर कुणी मारली तरी तक्रार नाही.

डॉक्टरांनी अचानक बुधवारची वेळ दिली आणि अक्का अडून बसल्या. कारण बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारी आंबवून, वाळवून, दळून झाली होती. आमच्याकडे वर्षाचे बिबडे या दोघी जावा मिळूनच करतात. तीस वर्षं झाली, आणि तीस वर्षं भांडत. शेवटी ठरलं, त्याच दिवशी काकू एकट्या करतील. अक्कांनी सामान सांगितलं, मी यादी लिहून काकूंना पाठवली : पीठ, तीळ, लसूण, मिरची, जिरं. काकूंचा लगेच फोन, "अक्काले सांग, तिना बिगर बी बिबडा व्हतस. आमले बी हात शेतस!"

आत नेताना अक्का भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "माले टाईमवर उठाडज्या बरं. तठे धाकटी एकलीच शे, बठ्ठा घाटा बिघाडी टाकी." घाटा म्हणजे शिजवलेलं पीठ. डॉक्टरबाई हसल्या. मिस्टर हसले नाहीत.

वेळा मी वहीत लिहीत होते. ९.४० ला आत. १०.५० ला ऑपरेशन संपलं, सगळं व्यवस्थित. पंधरा-वीस मिनिटांत डोळे उघडतील म्हणाले.

११.१५. नाही उघडले.

११.२५ ला मला आत बोलावलं. "तुम्ही हाका मारा, ओळखीचा आवाज असला तर बरं." फोन सायलेंट करून पर्समध्ये टाकला आणि आत गेले. श्वास चालू, नाडी ठीक, पण माणूस घरात नाही असा चेहरा... "अक्का, ओ अक्का," मी हाका मारत राहिले. डॉक्टरबाईंनी पापणी उघडून टॉर्च मारला, औषधांचा कागद पुन्हा तपासला. "वयामुळे कधीकधी उशीर होतो," म्हणाल्या, पण त्या खुर्चीवर बसत नव्हत्या, ते मला दिसत होतं. मिस्टर दाराच्या काचेला कपाळ लावून उभे होते. माझी आई मी लहानपणीच गमावली. नोकरी करताना माझी दोन्ही बाळंतपणं या बाईने काढली, दोन्ही पोरं सांभाळली. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं काम काय ते सुचेना.

११.५०. अक्कांनी डोळे उघडले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, नाव सांगा." अक्का माझ्याकडे बघून, घोगऱ्या आवाजात —

"मीठ इसरनी धाकटी. मी सांगी उनी... हात बी भाजी लिधा येडीनी."

सांगून आले, म्हणे. परत झोपल्या. पण ही झोप साधी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, भुलीतून बाहेर येताना पेशंट काहीही बोलतात. मलाही पटलं. मिस्टर बाहेरच रडत बसले, तेही पटलं.

मग फोन काढला. काकूंचे तीन मिस्ड कॉल. ११.३२, ११.३३, ११.३५.

मी फोन लावला. उचलल्या उचलल्या काकू, "अक्का शे ना वं?"

"आहेत, काकू. जाग्या झाल्या. का हो?"

पलीकडे नुसतं रडणं. मग तुकड्यातुकड्याने कळलं. घाटा झाला होता, काकू गच्चीवर थापायला घेणार, तेवढ्यात मागून अक्कांचा आवाज, "मीठ कोन टाकी, तुना मायेरना लोके?" काकू दचकल्या. वळून बघतात तर गच्चीवर कुणी नाही. चव बघितली... मीठ नाही! "माले वाटनं, अक्का गयी. निरोप लेवाले उनी."

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"तुले कोनी सांगं?" दचकताना डावा हात पातेल्याला लागला होता, ते त्यांनी अजून सांगितलंच नव्हतं.

मिठाचं मी लावून बघितलं. घाट्यात मीठ नेहमी अक्काच घालतात, काकू फक्त घोटतात. म्हणून अक्कांनी यादीत सांगितलं नाही आणि काकूंनाही आठवलं नाही. भुलीत शिरताना अक्कांना ते आठवलं असेल, असू शकतं. काकूंनाही मनातून खटकत असेल, म्हणून त्यांच्या कानाला आवाज ऐकू आला, तेही समजू. पण हात? काकूंनी माझ्याशिवाय कुणाला फोन केला नव्हता, आणि माझा पर्समध्ये मुका पडला होता.

अक्कांना काहीच आठवत नाही. "मी? गुंगीमा माणूस काय बी बोलस," म्हणतात. पण घरी गेल्या त्या दिवशी त्यांनी पोटाचे टाके सांभाळत आधी काकूंचा हात मागितला आणि कोरफडीचा गर स्वतः लावला. मागून घाईत घातलेलं मीठ जास्त झालं होतं, त्यावर टोमणा होताच, "घाटा खारट करी ठेयना!" काकू म्हणाल्या, "तू आखो दोन मिनिट आगाऊ येती ना मंग."

दोघी हसल्या. मी वही काढून वेळा पुन्हा वाचल्या.

आता अक्कांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, पुन्हा पूर्ण भूल. हॉस्पिटलचा फॉर्म समोर आहे. वय, वजन, गोळ्या, अॅलर्जी, सगळं भरलं. एक रकाना उरलाय : "यापूर्वी भूल दिल्यावर काही विशेष घडले होते का? असल्यास तपशील." दोन ओळींची जागा आहे. सोमवारी फॉर्म द्यायचाय, आणि तो रकाना अजून कोराच आहे.