लिंबाखालचा अर्धा डाव

सांगावं की नाही, याचा मी अजून विचारच करतो आहे. पण चहा आलाच आहे आणि तुम्हीही ऐसपैस बसला आहात, तर ऐका. कोणी देवाच्या पाया पडताना चुकतो, कोणी नारळ फोडताना चुकतो. मी देव करतानाच चुकलो. तोही एक नाही, तीन.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या गावात तेव्हा वाघ-बकरीचं भारी वेड. मी पाटी-पुस्तक पाहिलं नाही, पण हा खेळ मला बरा यायचा. दगडावर कोळशानं रेघा ओढायच्या. तीन मोठे गोटे म्हणजे वाघ, बारके गोटे म्हणजे बकऱ्या. वाघानं बकरीवरून उडी मारली की ती बकरी खाल्ली. बकऱ्यांनी वाघाला चहूकडून कोंडलं, त्याला हलायला जागा ठेवली नाही, की वाघ हरला. मी कायम बकऱ्याच घ्यायचो. बकऱ्यांना घाई नसते, आणि मलाही.

घाई नसते म्हणजे किती? माझी एक बकरी हलेपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन म्हशीची धार काढून यायचा. कोणी कोणी तर गेला की यायचाच नाही. असे माझे अर्धे डाव गावभर पडलेले होते. किराणावाल्या शेठच्या पायरीवर एक, सोनाजी न्हाव्याच्या दगडावर एक, आणखी कुठे कुठे. त्यात दुष्काळ पडला, खेळणारे सगळे खडी फोडायला गेले, आणि डाव राहिले ते राहिलेच. पावसानं रेघा पुसल्या, पण कोणता गोटा कुठं होता ते मी विसरलो नव्हतो. दुसरं लक्षात ठेवायला होतंच काय?

आमच्या घरची, गोदा, तिला हे माहीत. एकदा भाकर वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या हातून एक तरी काम पुरं झालं काय हो? आपल्या लग्नात फेरे तरी पुरे झालते, का तेबी राह्यले?"

"फेरे झाले," मी म्हणालो, "भटजीले घाई होती."

पण बोलणं लागलं मला. त्या उन्हाळ्यात तुरी घरात आल्या होत्या, वावरात काम नव्हतं. मी ठरवलं, राहिलेले सगळे डाव एकामागून एक पुरे करायचे.

आधी गेलो शेठकडे. धनराजशेठ जैन माणूस, गोड बोलणारा. म्हणालो, "शेठ, आपला डाव राह्यला."

"कोणता डाव, दौलतभाऊ?"

"पायरीवरचा. तुमचा वाघ कोपऱ्यात होता."

"त्या पायरीवर आता गुळाची भेली ठेवली हाय. वाघ गुळाखाली गेला."

"मंग गूळ सरकवा जरासा."

"गूळ सरकवला का मुंगळे दुकानात. तुमी जितले दौलतभाऊ, जा घरी."

तिथून सोनाजी न्हाव्याकडे. तो कोणाची तरी हजामत करत होता. वस्तरा न थांबवता म्हणाला, "मी वाघ होतो का बकऱ्या?"

"वाघ."

"मंग हारलो मी. दाढी करता काय?"

असे भराभर डाव मिटत गेले. मला वाटलं, इतकं सोपं असतं तर आधीच केलं असतं. शेवटी एकच राहिला, आणि तो मात्र असा तसा मिटणारा नव्हता. तो होता माझा साळा किसन याच्याबरोबरचा.

किसन कामरगावचा. गोदाचा धाकटा भाऊ. आमच्या दोघांच्याही मिशा त्या वेळी पंचक्रोशीत नावाजलेल्या. त्याची टोकाला वळवलेली, माझी रुंद आणि भरदार. दुष्काळाआधी त्यानं आणि मी फाट्यावरच्या कडुलिंबाखाली, सपाट दगडावर डाव मांडला होता, आणि पैज लावली होती. जो हरेल त्यानं मिशी काढायची. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे माणूस मिशी कधी काढतो? बाप गेल्यावर. जित्या बापाच्या पोरानं मिशी काढली तर लोक घरी येऊन रडतील. आणि माझा बाप तेव्हा ओसरीवर बसून चिलीम ओढत होता.

किसन बहिणीला आंबे घेऊन आला, तसं मी त्याला लिंबाखाली नेलं. पैज गोदाला कळली.

"भावाची गेली तर मायेरात तोंड दाखवता येत नाही," ती म्हणाली, "अन् तुमची गेली तर सासऱ्यापुढं. तुमाले दोघाले मिशाच कायले देल्ल्या देवानं?"

डाव आम्ही जसा होता तसा मांडला. वाघ त्याचे, बकऱ्या माझ्या. दुपार कलली. माझ्या बकऱ्यांनी दोन वाघ कोंडले होते. तिसरा मधोमध होता, आणि त्याच्या वाटेवर एकच बकरी आडवी होती. माझी पाळी होती. मी विचार करू लागलो. विचार करता करता मालेगावहून कारंज्याकडे जाणारी एसटी आली.

किसन उठला. "भाऊजी, मले जा लागते. बाजाराच्या दिवशी येतो. गोट्याले हात लावसान नाही."

"मी नाही लावत. पण हे पोट्टे?"

"ते तुमी पाहा," म्हणाला, आणि एसटीत चढला.

आता पाहा. उघड्यावरचा दगड. पोट्टे येणार, ढोरं येणार, खऱ्या बकऱ्या येणार. डाव आठवडाभर टिकवायचा कसा? मी बसून विचार केला, आणि मला सुचलं. इतकी चांगली अक्कल मला जन्मात पहिल्यांदाच सुचली असावी. मारोतीच्या देवळातून बोटभर शेंदूर आणला आणि तीनही वाघांना लावला. शेंदूर लागलेल्या गोट्याला आपल्याकडे कोण लाथ मारतो? पोट्टं असो की ढोर हाकणारा, बाजूनं जाईल.

घरी येऊन मी निवांत जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव पाहायला गेलो, तर वाघांवर झेंडूची फुलं. शेजारी कौतिकाबाई हात जोडून उभी. कौतिकाबाई म्हणजे आमच्या गल्लीतली म्हातारी. तिची म्हैस आदल्या दिवशी हरवली होती, आणि लिंबाजवळून शोधत जाताना तिला नवा शेंदूर दिसला, तिनं हात जोडले, घरी गेली तर म्हैस दारात.

"कौतिकामाय," मी म्हणालो, "हे देव नाहीत. मीच ठेवले हे गोटे."

"तुमच्या हातानं ठेवून घेतले त्यानं," ती म्हणाली. "सगळ्याइच्या हातानं ठेवते काय तो?"

"अवं माय, वाघ हायत हे."

"मंग, मी काय म्हणून राह्यली? वाघोबाच हाय."

खरं बोलून उपयोग होत नाही, असं कधी तुम्हाला झालं आहे काय? मी जितकं खरं बोलायचो तितका देव मोठा होत होता. "मी शेंदूर लावला" म्हणालो तर लोक म्हणायचे, पहिला मान दौलतभाऊचा. "मी इथं खेळत होतो" म्हणालो तर म्हणायचे, देव खेळवतो तसं माणूस खेळते. मी रोज डाव शाबूत आहे का ते पाहायला जायचो, वाकून वाकून बकऱ्या न्याहाळायचो. लोक लांबून म्हणायचे, बाप्पा, काय भक्ती हाय.

दोन दिवसांनी एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून पाया पडला. धनराजशेठनं भेली हलवून पायरीवर नारळ मांडले. माझ्या डावासाठी जे झालं नव्हतं ते नारळासाठी झालं. कोणीतरी माझ्या बकऱ्यांना चुना लावून पांढऱ्या केल्या, आणि हे देवाचे गण आहेत असं ठरलं. चुना लावणाऱ्यानं एकही बकरी जागची हलवली नाही, इतकं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

बाजाराच्या दिवशी किसन एसटीतून उतरला, आणि लिंबाखाली बायांची रांग. तो पाहतच राहिला. मग मला बाजूला ओढलं.

"भाऊजी, माह्या वाघाले शेंदूर लावला तुमी?"

"पोट्टे लाथा मारतीन म्हणून."

"अन् आता?"

"आता मी हात लावला तर मले लाथा मारतीन."

तो पोट धरून हसला. हसून झाल्यावर मिशीला पीळ देत म्हणाला, "ते मले माईत नाही. पाळी तुमची हाय. नाही खेळले तर हारले."

काय करणार? मी गडवाभर पाणी घेतलं आणि रांगेत उभा राहिलो. देवाला पाणी घालता घालता एक बकरी हळूच पुढं सरकवली.

"काहून हालवता गणाले?" मागून कौतिकाबाई.

"आंग धुऊन राह्यलो त्याचं."

मग किसननं प्रदक्षिणा घातली, खाली वाकला, शेंदूर लावल्यासारखं केलं आणि वाघ एक घर सरकवला. पुन्हा मी, आता फूल घेऊन. पुन्हा तो, आता उदबत्ती घेऊन. लोक म्हणत होते, साळा-भाटवे असावे तर असे.

पण माझी अडचण तुमच्या ध्यानात आली काय? मी पडलो सावकाश माणूस. एका बकरीला मला अख्खी चिलीम लागते. आणि इथं एका नमस्काराइतका वेळ. जरा जास्त वेळ वाकून राहिलो की मागची बाई म्हणायची, "सरका ना बाप्पा, आमालेबी पाया पडू द्या." किसनची गंमत अशी, की तो उड्याच मारणारा माणूस. त्याला हे मानवलं.

तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की मधला देव मघा होता तिथं नाही. "हालला, वाघोबा हालला," अशी बोंब उठली. मी विचार करायला डोळे मिटले होते, ते पाहून दुसरा म्हणाला, "दौलतभाऊच्या अंगात येऊन राह्यलं." झालं, डफडं सुरू. माझ्या कानाशी डफडं, डोक्यात बकऱ्या. ठरवलं, आता मधल्या वाघाला आडवी असलेली ती मधली बकरी जागीच ठेवायची, ती आहे तोवर वाघ निघत नाही. दुसरीच एक बारकी हलवून देतो. तसं केलं, डोळे उघडले, तर मधली बकरी जागेवर नाही.

नाहीच. तिथं नुसता चुन्याचा डाग.

इकडं तिकडं पाहिलं. कौतिकाबाई पदरात काहीतरी बांधून घराकडे निघाली होती.

"कौतिकामाय, काय नेऊन राह्यली?"

"एक गण नेतो गोठ्यात. म्हैस आता कुठं जाणार नाही."

मी किसनकडे पाहिलं. म्हणालो, "हे धरता येत नाही. बकरी चोरीले गेली."

"देवानं नेली," किसन गंभीर तोंड करून म्हणाला. त्यानं वाघाला हार घातला, आणि हाराखालून वाघानं टण् टण् दोन बकऱ्या खाल्ल्या. कोंडलेले वाघ सुटले. डाव गेला.

मी म्हणालो, "किसन, घरी जाऊन बोलू."

"पैज लिंबाखाली लागली, मिशीबी लिंबाखालीच." त्यानं सोनाजीला हाक मारली. बाजाराचा दिवस, सोनाजी पेटी घेऊन तिथंच होता. मी बसलो. शब्द दिला होता, आणि तो देताना मला जिंकायची खात्री होती. सोनाजीनं साबण लावला. लोक भोवती जमले, डफडं थांबलं, आणि माझी मिशी अशी सगळ्या गावासमोर त्या तीन गोट्यांपुढं पडली.

मला वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. कौतिकाबाई परत आली होती, ती हात जोडून म्हणाली, "देवाले मिशी वायली दौलतभाऊनं. बाप जिता असून वायली."

मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात गोदा आली. तिनं भावाच्या मिशीकडे पाहिलं, मग माझ्या ओठाकडे. हळूच म्हणाली, "गुमान राहा आता. हारले म्हणसान तर लोक हसतीन, वायली म्हणसान तर पाया पडतीन. सासऱ्याले मी सांगतो."

पटलं मला. गप्प राहिलो. बापालाही तिनं तसंच सांगितलं. बाप म्हणाला, "मी मरेपर्यंत तरी थांबायचं होतं," आणि चिलीम भरली.

किसन हसत हसत कामरगावला गेला. मी मनाशी म्हणालो, जाऊ दे, मिशी काय, महिन्याभरात येते. डाव एकदाचे मिटले ना.

आणि आलीही. चांगली दाट येऊ लागली. मी आरशात पाहून खूश होतो, तर सकाळी दारात कौतिकाबाई, तिच्यामागं चार-पाच जण.

"दौलतभाऊ," ती म्हणाली, "हे काय दिसून राह्यलं ओठावर?"

"मिशी."

"कोणाची?"

"माही."

"तुमची कशी? ते तर देवाची. एकदा वायलेली चीज वापस घेता काय? म्हैस आटली तर कोण जिम्मेदार?"

मी गोदाकडे पाहिलं. ती चुलीकडे वळून फुंकणीनं फुंकायला लागली, जाळ चांगला पेटलेला असताना. तेव्हा खरं सांगायचं म्हटलं, तर एव्हाना लिंबाखाली चबुतरा झाला होता, वर टिन पडलं होतं, आणि ते गोटे रेघांवरचे आहेत हे म्हणणारा गावात मी एकटाच उरलो होतो. सोनाजीला बोलावणं गेलं.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सोनाजी येत राहिला. आता त्याचा पोरगा येतो. लोक डाव हरतात तो एकदाच हरतात. मी तो एकच डाव दर आठवड्याला हरतो, आणि वर गावकरी पाया पडतात.