पक्का बंधारा

मी आता मिरजोळ्यात राहतो, तिथं आमच्या शेजारी स्लॅबचं काम चालू आहे. ओल्या सिमेंटचा वास सकाळपासून घरात भरलाय आणि मला तिशीत माझ्या मूळ गावचा सरपंच असतानाची एक दुपार आठवतेय.

पाऊस सरला की आमच्या गावात पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा बंधारा घालायचे. पुढच्या पावसात तो वाहून जायचा, मग पुन्हा नवा. एरवी आमची वरची वाडी आणि खालची वाडी एकमेकींचं तोंड बघत नसत. बंधाऱ्याच्या दिवशी मात्र दोघींतून दगड हातोहात जायचे. त्या दुपारी सगळे ओल्या पायांनी काठावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते. मी जाहीर केलं, "पुढच्या वर्षापासून ही मेहनत बंद. सिमेंटचा बंधारा मंजूर झालाय."

टाळ्या पडल्या. खालच्या वाडीतले दाजीकाका तेवढे म्हणाले, "अरे सरपंचा, मग तुम्हा वरच्यांना शिव्या घालायला मी येऊ कुठं?"

सगळे हसले, मीही हसलो. पण त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. हे आजवर कुणाला बोललो नाही. वाहून जाणाऱ्या बंधाऱ्यावर नाव कसं कोरणार? मला ते माझ्यामागंही राहायला हवं होतं.

बंधारा आजही भक्कम आहे, पाणी धरतो, माझ्या नावाचा दगडही तसाच आहे. वाड्या त्यानंतर एकत्र आल्या नाहीत. गेल्या महिन्यात गावी बंधाऱ्यावर गेलो, तर खालच्या वाडीतली एक सून तिथं कपडे धूत होती. मी नाव सांगितलं.

"दगडावरचे ते तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं, ते कधीच वारले."